बंबाचं तोंड उघडंच ठेव

पत्र: काका, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याकडचा. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून बायकोसोबत कुल्लू खोऱ्यात आलो. नग्गरच्या वरच्या अंगाला, साधारण २,००० मीटर उंचीवर, उतारावरचं एक जुनं काठकुणी (दगड-लाकडाच्या थरांच्या) बांधणीचं दुमजली घर लांब मुदतीच्या भाडेकरारावर घेतलंय आणि पाच खोल्यांचा होमस्टे चालवतो. हिवाळ्यात पाहुणे गारठतात. विजेचे हीटर परवडत नाहीत, आणि बर्फ पडला की वीज दोन-दोन दिवस येत नाही. प्रत्येक खोलीत इथला पत्र्याचा तंदूर, म्हणजे लाकडाची बंद शेगडी, लावायचा तर धूर, राख आणि आगीची धास्ती. म्हणून खाली लाकडावर चालणारा एक बॉयलर स्वतःच करावा, गरम पाणी पंपाने पाइपांतून खोल्यांत फिरवावं आणि आंघोळीलाही तेच वापरावं, असं ठरवतोय. वेल्डर तयार आहे. पंक्चरवाल्याकडची कॉम्प्रेसरची जुनी २०० लिटरची टाकी स्वस्तात मिळतेय. तिच्यातून भट्टीची नळी काढायची, वर एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जोडीला प्रेशर कुकरसारखी शिट्टी बसवायची. आराखडा आणि घराचे फोटो जोडलेत. चुकत असेन तर सांगा. मला अरे-तुरेच करा, माझे वडील तुमच्याच वयाचे आहेत.

उत्तर:

तुझा आराखडा मी दोनदा पाहिला, आणि दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसलो. आधी एकच सांगतो, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. ती टाकी घेऊ नकोस. विसार दिला असशील तर सोडून दे.

साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये माझी ३४ वर्षं गेली. पहिली काही वर्षं भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ढकलण्यात, मग परीक्षा देऊन अटेंडंट म्हणून, शेवटी अख्ख्या पाळीची जबाबदारी घेऊन. त्या अनुभवावरून सांगतो. पाणी तापवणं हे एक काम आणि पाणी कोंडून तापवणं हे दुसरं. तुला पहिलं काम करायचंय आणि तू आराखडा दुसऱ्याचा काढलायस.

तुझ्या आजोळी किंवा घरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब असणार. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राख, नळीभोवती पाणी, एका बाजूला तोटी आणि वर पाणी ओतायचं तोंड. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब ठोकून तयार व्हायचे आणि ट्रकने गावोगाव जायचे. त्या बंबाला ना दाबाचा काटा होता, ना व्हॉल्व्ह, ना कुणाचं प्रमाणपत्र. तरी आपल्या आज्यांनी तो पहाटे अंधारात, अर्धवट झोपेत, चाळीस-चाळीस वर्षं पेटवला. बंबफोड जास्त पडली तर काय व्हायचं? पाणी खदखदायचं, झाकण थडथडायचं, वाफ न्हाणीघरात पसरायची. पाण्याला वर जायला वाट होती, म्हणून घर शाबूत राहायचं. बंबाचा एकच धाक होता, तो रिकामा पेटवायचा नाही. पाण्याविना झाळण वितळायचं आणि बंब गळायला लागायचा. तुझ्या शेजाऱ्यांकडे जो हमाम असेल तोही याच कुळातला. तुला करायचंय ते हेच, फक्त मोठं.

आता तुझ्या बंद टाकीत काय होईल ते आकड्यांत बघ. समज, दाब ३ किलोवर गेला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो. त्या दाबाला पाणी १४० अंशांच्या वर जातं आणि तरी पाणीच राहतं, कारण उकळायला जागा नाही. एखादा सांधा उलला की दाब एका क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातलं सुमारे ८ टक्के तिथल्या तिथे वाफ होतं. २०० लिटरच्या टाकीत ही वाफ साधारण १५ किलो होते, आणि मोकळ्या हवेत ती २५ घनमीटर जागा मागते. दहा बाय दहाची एक अख्खी खोली भरेल एवढी वाफ, डोळ्याचं पातं लवायच्या आत, २०० लिटरच्या भांड्यातून बाहेर येणार. हवेच्या टाकीला भोक पडलं तर हवा निघून जाते आणि गोष्ट संपते. तापलेल्या पाण्यात मात्र नवी वाफ तयार होतच राहते, म्हणून बॉयलर फुटतो तेव्हा तुकडे लांब जातात.

आणि ही टाकी कशी असेल? कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेबरोबर रोज दमटपणा येतो, तळाला पाणी साठतं. ते रोज काढायचं असतं, पण पंक्चरच्या दुकानात ते कोण काढतं? आतून पत्रा खाल्लेला असतो आणि बाहेरून रंग चकचकीत. तिला कापून मधून भट्टीची नळी घालायची म्हणजे गार हवेसाठी केलेलं भांडं आगीवर बसवायचं.

कुकरची शिट्टी हा विचार कुठून आला ते मला कळतं, कारण रोज स्वयंपाकघरात ती आपल्याला वाचवते. पण कुकरखाली दोन-अडीच किलोवॅटचा बर्नर असतो आणि आत चार-पाच लिटरचं भांडं. तुझी भट्टी पेटली की २० किलोवॅट देईल. उकळी फुटल्यावर तासाला ३० लिटर पाण्याची वाफ होईल, म्हणजे दर सेकंदाला १५ लिटर वाफ बाहेर पडायला हवी. शिट्टीच्या भोकातून ती जाणार नाही. दुसरा फरक याहून मोठा आहे. शिट्टी जास्त झाली की तुझी बायको गॅस बंद करते. लाकडाला ती सोय नाही. भरलेली भट्टी तू हवा बंद करून मंद करशील, पण तासभर तरी ती उष्णता देतच राहील.

एक प्रसंग सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने लॉजवर आंघोळीच्या पाण्यासाठी असंच एक पिंप करून घेतलं होतं. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह होते, आणि एका सकाळी दुरुस्तीसाठी दोन्ही बंद राहिले. पेटवणारा मुलगा चहा आणायला गेला होता म्हणून जिवंत राहिला. भट्टीचं दार समोरची विटांची भिंत पाडून पलीकडे गेलं. मुलगा वीस पावलांवर होता तरी त्याचा एक कान कायमचा गेला. मी ते पिंप नंतर पाहिलं. वेल्डिंग वाईट नव्हतं. पाण्याला वाट नव्हती, एवढंच.

आमच्या धंद्यातले नियम अशाच घटनांतून आले. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावात बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. त्यानंतर दोन वर्षांत त्या राज्याने बॉयलरचा कायदा केला, आणि पुढे अमेरिकेतल्या अभियंत्यांनी जी संहिता लिहिली तिच्या तत्त्वांवर आजही जगभर भांडी बनतात. आपल्याकडे १९२३ चा कायदा होता, आता त्याच्या जागी २०२५ चा आलाय. २५ लिटरपेक्षा मोठं, दाबाखाली वाफ करणारं भांडं या कायद्यात येतं. त्याला प्लेटचा दाखला लागतो, पारखलेला वेल्डर लागतो, सरकारी तपासणी लागते. अंगणात केलेल्या टाकीला यातलं काही मिळणार नाही, आणि मिळू नयेच.

तेव्हा आपण बंब करू. तोंड उघडं असलेला. तुझं घर उतारावर आहे हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण या कामात उतार म्हणजे फुकट मिळालेला पंप आहे.

भट्टी घरात ठेवूच नकोस. उताराच्या खालच्या बाजूला, घरापासून दहा-पंधरा फुटांवर, दगडी भिंतींची नि पत्र्याच्या छपराची छोटी खोली बांध. त्याची दोन कारणं आहेत. एक, तुझ्या घराच्या भिंतींत दगडाच्या थरांमध्ये लाकूड आहे, आणि तेही शंभर वर्षं वाळलेलं. तुझ्याच जिल्ह्यातलं मलाणा गाव जानेवारी २००८ मध्ये जळालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा तिथे आग लागली. लाकडी घरांत आग लागल्यावर काय होतं ते गावातले म्हातारे तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. दुसरं कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं उत्तरेकडे दर हिवाळ्यात जातात. पाहुण्यांच्या खोल्यांखाली भट्टी नको म्हणजे नको. वेगळ्या खोलीतही हवेला वर-खाली झरोके ठेव, आणि मोनॉक्साइडचा इशारा देणारा बॅटरीवरचा गजर घे.

भट्टीच्या वरच्या टप्प्यावर, घराच्या भिंतीलगत, हजार लिटरची एक साठवणीची टाकी बसव. तिचा तळ भट्टीच्या माथ्यापेक्षा वर हवा. भट्टी आणि टाकी यांच्यामध्ये पंप नको. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली येतं. पण हा जोर किती असतो ते ध्यानात घे. ८० अंशांचं पाणी वर जातंय आणि ६० अंशांचं खाली येतंय असं धरलं तर दर मीटर उंचीला फक्त ११ मिलिमीटर पाण्याएवढा दाब मिळतो. म्हणून पाइप जाड हवा, दोन इंची, आणि वर जाणारा पाइप सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढता. मध्ये कुठे उंटाचं मदार आलं की तिथे हवा अडकते आणि सगळं थांबतं. पंप लावायचा तो टाकी आणि खोल्या यांच्यामध्ये. म्हणजे बर्फात वीज गेली की खोल्यांचं पाणी थांबेल, पण भट्टीची उष्णता टाकीत जातच राहील. तुझ्या आराखड्यात पंप थेट भट्टीवर आहे. भट्टीत १०० लिटर पाणी असेल आणि वीज गेली, तर ८० अंशांवरून उकळी फुटायला पाच ते आठ मिनिटं लागतील. तेवढ्यात तू वरच्या मजल्यावरून टॉर्च शोधून खाली येणार आहेस का?

तुझ्या उंचीवर आणखी एक गोष्ट वेगळी आहे. तिथे डाळ लवकर शिजत नाही हे तुला कळलंच असेल. २,००० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून तुझी वरची मर्यादा ८० ते ८५ समज. खाली, मैदानात लिहिलेल्या सूचना तुला ९० सांगतील. त्या तुझ्यासाठी नाहीत.

आता बंबाचं तोंड. भट्टीच्या माथ्यावरून एक पाइप निघेल, इंचाच्या खाली नाही, दीड इंची असेल तर उत्तम. तो सतत चढत वरच्या मजल्यावर ठेवलेल्या छोट्या टाकीच्या काठावर जाऊन वाकेल आणि तिच्यात उघडा सुटेल. या पाइपवर व्हॉल्व्ह नाही, पाणी एकाच दिशेने सोडणारा नॉन-रिटर्न नाही, काही नाही. वेल्डर म्हणेल, दुरुस्तीला बरं पडेल, एक कॉक टाकू. टाकू देऊ नकोस. व्यवस्थेत १,३०० लिटर पाणी धरलं तर गार असल्यापासून ८५ अंशांपर्यंत ते ४० लिटरच्या वर फुगतं, तेव्हा वरची टाकी १०० लिटरची घे आणि गार असताना तळाशी थोडंच पाणी ठेव. झाकण सैल हवं. तिच्या तळातून एक पाइप खाली भट्टीच्या परतीच्या पाण्याला जोड, म्हणजे उकळून गेलेलं पाणी आपोआप भरून येईल. आणि सांडवा असा खाली आण की तो भट्टीच्या खोलीत, पेटवणाऱ्याच्या नजरेसमोर सुटेल. सांडव्यातून पाणी आलं की त्याला कळलं पाहिजे, लाकूड घालणं बंद.

या सगळ्यात मला सर्वात जास्त काळजी एका गोष्टीची आहे, आणि ती सातारा-सांगलीत कधी मनातही येणार नाही. ती वरची छोटी टाकी किंवा तो उघडा पाइप गोठला तर? रात्री उणे सात-आठ. थंड पोटमाळ्यावर ठेवलेल्या टाकीवर बर्फ धरला, पाइपात बर्फाचं बूच बसलं, सकाळी तू भट्टी पेटवलीस. तुझा उघडा बंब त्या क्षणी बंद बॉयलर झालेला असेल आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. म्हणून ती टाकी पोटमाळ्यावर ठेवू नकोस. स्वयंपाकघरातच, छताखाली उंच, घराच्या उबेत ठेव. पाइप घराच्या आतून ने. बाहेरच्या तुकड्याला दोन इंच रॉकवूल, म्हणजे ऊब अडवणारी दगडी लोकर, गुंडाळ. आणि थंडीत पेटवण्याआधी रोज कुणीतरी वर जाऊन टाकीतलं पाणी हाताने हलवून बघायचं. घर आठवडाभर बंद ठेवणार असाल तर सगळं पाणी काढून टाका. गोठू नये म्हणून पाण्यात काही मिसळायचंच असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळ. गाड्यांत घालतात ते इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड लागतं, आणि आंघोळीच्या पाण्याशेजारी ते मला नको वाटतं.

सेफ्टी व्हॉल्व्हही लाव, दीड किलोचा, चांगल्या दर्जाचा, भट्टीच्या माथ्यावर थेट. तो पाठराखणीला. भरवसा उघड्या तोंडावर.

भट्टी कशी करायची? तू लोखंडी नळीभोवती पाणी दाखवलंयस, म्हणजे आग थेट गार भिंतींच्या पोटात. बंबही तसाच असतो, आणि म्हणूनच बंब धुरकट जळतो. लाकूड तापलं की त्यातला तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो, आणि खरी उष्णता त्या वायूच्या ज्वाळेत असते. पाण्याने थंड ठेवलेला पत्रा शंभर अंशांच्या फार वर जातच नाही. ज्वाळा त्याला टेकली की विझते आणि न जळलेला वायू काजळी आणि डांबर होऊन चिकटतो. म्हणून भट्टीचे दोन भाग कर. पहिला भाग फायरब्रिकचा, पाण्याचा स्पर्श नसलेला, जिथे विटा लाल होतील आणि वरून सोडलेल्या दुसऱ्या हवेने ज्वाळा पूर्ण जळेल. दुसरा भाग नळ्यांचा, अडीच इंची सीमलेस (बिनजोड), ज्यांच्या आतून ती गरम हवा जाईल आणि बाहेर पाणी असेल. नळ्यांच्या तोंडाशी उघडणारं दार ठेव, कारण ब्रश आठवड्याला मारावा लागेल. आगीकडची प्लेट ८ मिलिमीटरची, बाहेरची ६ ची. जी.आय. पाइप किंवा जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आगीजवळ नको, त्याच्या वाफा माणसाला आजारी पाडतात. वेल्डर ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड वापरेल आणि ते कोरडे ठेवेल याची खात्री कर. पावसात भिजलेल्या पाकिटातले रॉड त्याला परत घेऊन जायला सांग.

सपाट प्लेटांवर विश्वास ठेवू नकोस. वरची टाकी भट्टीपासून ४ मीटर उंच असेल तर उघड्या व्यवस्थेतही भट्टीवर ०.४ किलो दाब असतो. ऐकायला काहीच नाही. पण ६० बाय ६० सेंटिमीटरच्या प्लेटवर तो जवळजवळ दीड टन होतो. आतली आणि बाहेरची प्लेट एकमेकींना दर सहा-आठ इंचांवर गजाच्या टेकूने जोड, आरपार वेल्ड करून. टेकू नसलेली पेटी पहिल्या महिन्यातच फुगते. जमेल तिथे गोल आकार धर.

तयार झाल्यावर पाण्याने तपास. पूर्ण भरायची, हवा काढून टाकायची, हातपंपाने दाब सव्वादोन किलोवर, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हच्या दीडपटीवर न्यायचा आणि अर्धा तास बघत बसायचं. कुठे घाम फुटतो का, कुठे प्लेट पोट काढते का. हवेने कधीही तपासू नकोस, वेल्डरने कितीही सांगितलं तरी. दाबलेली हवा साठवलेली स्प्रिंग असते, पाणी नसतं.

आंघोळीचं पाणी भट्टीतून काढायचं नाही. बंबातून आपण काढत होतो, पण तो तांब्याचा होता आणि रोज नवं पाणी त्याला सोसत होतं. लोखंडाला रोजचं नवं पाणी म्हणजे रोजचा नवा ऑक्सिजन आणि रोजचा क्षार. तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहिलं तर लोखंड टिकतं. साठवणीच्या टाकीत वरच्या भागात तांब्याची वेटोळी सोड, पंचवीस-तीस मीटरची, आणि आंघोळीचं पाणी तिच्यातून जाऊ दे.

टाकी आणि भट्टी यांच्यातल्या गरम पाण्याला प्लास्टिकचा पाइप नको. खोल्यांकडे जाणारे पाइपही पहिले दोन मीटर धातूचे ठेव. लाकडी जमिनीखालून पाइप घालायचा तुझा बेत मी सोडून द्यायला सांगेन. लाकूड ऊब अडवतं, म्हणून तर ते घर चांगलं आहे. भिंतीवरचे पत्र्याचे रेडिएटर लाव.

जाणकार कुणी तुला सांगेल की भट्टीत परतणारं पाणी ६० अंशांच्या खाली नको, नाहीतर नळ्यांवर पाणी सुटतं आणि डांबर बसतं. ते खरं आहे. त्यासाठी मिसळणारा व्हॉल्व्ह मिळतो. पण आपण पंपाशिवाय पाणी फिरवतोय आणि तो व्हॉल्व्ह वाट चोंदवतो. मी तुझ्या जागी असतो तर व्हॉल्व्ह लावला नसता, टाकी ४० अंशांच्या खाली जाऊ दिली नसती, आणि पहिला तास सुकी, बारीक लाकडं जोरात जाळली असती. नळ्या दोन वर्षं कमी टिकल्या तरी चालतील.

आता ज्या प्रश्नाला तू हातच घातला नाहीस तो, लाकूड किती लागेल. पाच खोल्या आणि बैठक मिळून हजार चौरस फूट धरू. तुझ्या पत्र्याच्या छपराला खालून काहीच नाही असं फोटोत दिसतंय. अशा घराला कडाक्याच्या थंडीत १० ते १२ किलोवॅट लागतील. संध्याकाळपासून सकाळपर्यंत १४ तास, सरासरी ८ किलोवॅट धरले तरी ११२ युनिट. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण ४ युनिट देतं, त्यातलं हाताने केलेल्या भट्टीतून ६० टक्के पाण्यात जाईल. म्हणजे रात्रीला ४७ किलो. पाच महिन्यांचे सात टन. हे लाकूड कुठून येणार? देवदार तोडून तर नाहीच. आजूबाजूच्या बागांतून सफरचंदाच्या छाटणीचं लाकूड मिळेल, ते जड असतं आणि झकास जळतं, पण सात टन?

म्हणून माझं म्हणणं असं की पहिला पैसा बॉयलरवर घालूच नकोस. या उन्हाळ्यात छपराखाली फळ्यांची छत घाल आणि तिच्यावर सहा इंच रॉकवूल किंवा ग्लासवूल पसर. खिडक्यांना दुसरी काच. दारांखालच्या फटी बुजव. दगड-लाकडाच्या भिंती तुझं काम आधीच करतायत, ऊब वरून पळतेय. ते झालं की गरज बरीच उतरेल, आणि मग पाचऐवजी तीनच खोल्या हिवाळ्यात उघड्या ठेवल्यास तर १० किलोवॅटची छोटी भट्टी पुरेल. छोट्या भट्टीत चूक झाली तरी छोटी होते. हजार लिटरची टाकी ८५ वरून ४५ वर येताना ४६ युनिट देते. तीन खोल्यांची रात्र त्यात निघू शकेल. संध्याकाळी चार-पाच तास भट्टी जोरात चालवायची, टाकी भरायची, आणि विस्तव निवला की झोपायला जायचं. रात्री लाकूड घालायला उठायचं नाही. मंद धुमसणारी आग हीच धुराड्यात डांबर साठवते, आणि ते डांबर पेटलं की धुराडं रात्रीत लाल होतं.

लाकूड वर्षभर आधी फोडून, छपराखाली, हवा खेळेल असं रचून ठेव. ओल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असतं. ते उकळवण्यात तुझी उष्णता जाते आणि धूर दुप्पट होतो. पुढच्या हिवाळ्याचं लाकूड या मार्चमध्ये फोडायला हवं, तेव्हा बॉयलरआधी कुऱ्हाडीचं काम आहे.

धुराडं सहा इंची, सरळ उभं, छपराच्या वर काढलेलं. एकेरी पत्र्याच्या नळीपासून लाकूड निदान दीड फूट लांब. दर महिन्याला ब्रश.

आणि घरातल्या प्रत्येक माणसाला, तुझ्या बायकोला आणि कामाला येणाऱ्या मुलालाही, एक गोष्ट शिकवून ठेव. भट्टीतलं पाणी संपलंय असा संशय आला, पत्रा लाल दिसला, तर पाणी ओतायचं नाही. बादली हातात असली तरी नाही. हवेची झडप बंद करायची, विस्तवावर राख किंवा कोरडी वाळू टाकायची, दार लावायचं आणि सगळ्यांनी लांब जायचं. तापलेल्या कोरड्या लोखंडावर गार पाणी पडून झालेले अपघात मी पाहिलेत, पाणी ओतणाऱ्याचा हेतू प्रत्येक वेळी चांगला होता.

तू मला आता तीन गोष्टी पाठव. भट्टीच्या खोलीची जागा, टाकीचा टप्पा आणि वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर यांच्या उंच्या, पाण्याच्या लेव्हल-ट्यूबने मोजलेल्या, अंदाजाने नाही. छपराचा खालून काढलेला फोटो. आणि वेल्डरने एकमेकांना जोडलेल्या ८ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, मधोमध वाकवून तोडलेल्या, त्या तोडलेल्या जागेचा जवळून फोटो. तो बघून सांगेन की त्याच्याकडून काम करून घ्यायचं की कुल्लूत दुसरा माणूस शोधायचा. तोवर प्लेट कापू नकोस.